‘द स्किन गेम’ (1931): नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या छोट्या चित्रपट मंडळात हा बोलपट मी आजवर तीनदा दाखवला. दर वेळी दिवे लागले की तेच प्रश्न येतात, आणि खुर्च्या उचलता उचलता दिलेली उत्तरं अपुरी पडतात. म्हणून ती इथे सविस्तर लिहून ठेवतो आहे. चित्रपट अजून पाहिला नसेल तर जिथे पुढचं उघड होणार आहे तिथे सूचना दिली आहे. तिथे थांबा, पाहून या, मग पुढे वाचा.

हा चित्रपट कोणाचा, आणि कशाबद्दल?

आल्फ्रेड हिचकॉकचा. ‘ब्रिटिश इंटरनॅशनल पिक्चर्स’साठी त्याने तो लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत केला. मूळ नाटक जॉन गॉल्सवर्दी यांचं, 1920 सालचं. पटकथा हिचकॉक आणि त्याची पत्नी आल्मा रेव्हिल यांची, छायालेखन जॅक कॉक्स यांचं. लांबी साधारण 80 मिनिटं.

इंग्लंडमधलं एक खेडं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारं हिलक्रिस्ट हे जमीनदार घराणं, आणि चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यावर पैसा कमावून गावात आलेला हॉर्नब्लोअर. हिलक्रिस्टनं आपली काही घरं आणि जमीन हॉर्नब्लोअरला विकलेली असते, पण एका अटीवर: तिथे राहणाऱ्या जुन्या कुळांना बाहेर काढायचं नाही. हॉर्नब्लोअरला आपल्या कामगारांसाठी घरं हवी असतात. तो शब्द फिरवतो. जॅकमन नावाचं म्हातारं जोडपं घर रिकामं करायची पाळी आल्यावर जुन्या मालकाच्या दारात येऊन उभं राहतं, आणि भांडणाला तोंड फुटतं.

त्यात भर म्हणजे हॉर्नब्लोअरचा डोळा आता ‘सेंट्री’ नावाच्या जागेवर असतो. ही जागा हिलक्रिस्टच्या घराच्या अगदी समोर. तिथे कारखाना उभा राहिला तर हिलक्रिस्टच्या खिडकीतून पुढची शंभर वर्षं धुराडीच दिसणार. जागा लिलावात निघते. लिलाव हरल्यावर हिलक्रिस्टची बायको आणि त्यांचा कारभारी डॉकर वेगळा मार्ग शोधतात: हॉर्नब्लोअरच्या थोरल्या सुनेचा भूतकाळ.

नावाचा अर्थ काय?

‘स्किन गेम’ म्हणजे समोरच्याला पुरतं नागवायचं ठरवूनच मांडलेला डाव. अमेरिकी बोलीत पत्त्यांतल्या फसवणुकीसाठी हा शब्द होता. आपल्याकडे ‘सालटं काढणं’ म्हणतात तो भाव जवळचा. पात्रांची नावंही लेखकानं ठरवून ठेवली आहेत. हॉर्नब्लोअर म्हणजे भोंगा वाजवणारा, आणि हिलक्रिस्ट ऐकताना टेकडीचा माथा आठवतो. एक खालून आवाज करत वर चढतो आहे, दुसरा वर बसला आहे.

मग खलनायक हॉर्नब्लोअर ना?

पहिल्या वीस मिनिटांत तसंच वाटतं. आमच्याकडेही मध्यांतराला हात वर करायला सांगितलं, तर बहुतेक सगळे हिलक्रिस्टच्या बाजूनं होते. शेवटी पुन्हा विचारलं तेव्हा एकही हात वर आला नाही.

हॉर्नब्लोअरचं म्हणणं नीट ऐका. तो स्वतःच्या हिमतीवर वर आला आहे, त्याच्या कारखान्यामुळे लोकांच्या हाताला काम मिळणार आहे. आणि त्याची एक खरी तक्रार आहे: गावात येऊन एवढे दिवस झाले, पण हिलक्रिस्टबाई त्याच्या सुनेला एकदाही भेटायला आल्या नाहीत. त्या काळच्या इंग्लंडमध्ये शेजारच्या घरी भेटीला न जाणं म्हणजे त्या घराला आपल्या पंक्तीत न बसवणं. पंक्तिभेद काय असतो हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. हॉर्नब्लोअरच्या व्यवहारातला कडवटपणा तिथून आला आहे. जॅकमन जोडप्याशी तो वागतो ते वाईटच, त्यात शंका नाही. पण तो जे करतो ते तोंडावर सांगून करतो, लिलावातली एक चाल सोडून.

हिलक्रिस्टबाईंचं तसं नाही. हेलन हे (Helen Haye) या अभिनेत्रीनं त्यांचं काम केलं आहे, आणि संपूर्ण चित्रपटात त्या आवाज चढवताना दिसत नाहीत. पाठ ताठ, हनुवटी किंचित वर, आणि तोंडून निघणारं वाक्य असं की चहा हवा का विचारताहेत. त्या वाक्यानं समोरच्याचं घर मोडणार असतं. मला या चित्रपटात भीती वाटली ती त्यांचीच.

जमीनदार एवढे अडचणीत का होते? श्रीमंतच होते ना?

जमीन होती, रोख नव्हती. पहिल्या महायुद्धात अनेक घराण्यांचे वारस मारले गेले. मालक वारला की इस्टेटीवर कर लागायचा, आणि 1919 साली सगळ्यात मोठ्या इस्टेटींवरचा तो कर 40 टक्क्यांवर गेला. शेतीचं उत्पन्न आधीच घटत चाललं होतं. युद्धानंतरच्या त्या दोन-तीन वर्षांत इंग्लंडमध्ये जमिनींची प्रचंड विक्री झाली. नाटक 1920 चं, म्हणजे प्रेक्षागृहात बसलेल्यांपैकी कित्येकांनी असे लिलाव स्वतः पाहिले होते किंवा त्यात काही गमावलं होतं.

लिलावाच्या प्रसंगाबद्दल सगळे एवढं का बोलतात?

कारण 1931 साली बोलपटात असं करणं सोपं नव्हतं, आणि आजही तो प्रसंग छातीत धडधड करतो.

खोली माणसांनी भरलेली आहे. लिलाव पुकारणारा बोलघेवडा आहे. हे काम रोनाल्ड फ्रँकाऊ या विनोदी रंगमंच कलाकाराला दिलं आहे, त्यामुळे सुरुवातीला वातावरण हलकं राहतं. मग बोली सुरू होते. कॅमेरा जणू लिलाववाल्याच्या डोळ्यांतून बघतो. एका बोलीदारावरून दुसऱ्यावर तो झर्रकन वळतो, मधली माणसं नुसती रेघांसारखी पुसट होऊन जातात. हॉर्नब्लोअर, डॉकर, पुन्हा हॉर्नब्लोअर. मान हलते, आकडा वाढतो. हळूहळू आपणही मान इकडून तिकडे फिरवू लागतो. कोणी बोली लावली हे कळायच्या आत पुढची आलेली असते. वेग वाढवायला संगीत नाही. आकडे, हातोडा आणि मधली शांतता, एवढंच.

त्यात तिसरा माणूस शिरतो आणि बोली जिंकतो. हिलक्रिस्टच्या गोटाला वाटतं, जागा एका सरदाराकडे गेली, निदान हॉर्नब्लोअरच्या हाती तरी लागली नाही. ते सुटकेचा श्वास सोडतात. मग हॉर्नब्लोअर जवळ येऊन सांगतो की तो माणूस माझ्याच वतीनं बोली लावत होता. आपल्याकडे याला एकच शब्द आहे: बेनामी. तो श्वास सोडल्यानंतरचे हिलक्रिस्टचे डोळे पाहा, सी. व्ही. फ्रान्स या नटानं त्या एका क्षणात म्हातारपण आणलं आहे.

त्याच खोलीत दुसरंही काही घडत असतं. हॉर्नब्लोअरची सून क्लोई गर्दीत एका अनोळखी माणसाला बघते. त्याचा चेहरा पडद्यावर तिच्या अंगावर तरंगत आल्यासारखा मोठा होत येतो. ती कोसळायच्या बेताला येते. बाकी सगळ्यांचं लक्ष जमिनीच्या भावाकडे आहे. पहिल्यांदा पाहताना माझंही तिकडेच होतं, आणि दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मला त्याचं वाईट वाटलं.

बाकीचा चित्रपट नाटकासारखा का वाटतो?

कारण तो नाटकच आहे, आणि कारण बोलपट तेव्हा नुकता चालायला शिकत होता.

मूकपटात कॅमेरा मोकळा होता. आवाज आला आणि कॅमेऱ्याचा खडखडाट ध्वनिमुद्रणात यायला लागला. म्हणून सुरुवातीला कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही बंद खोक्यात कोंडत. ध्वनिमुद्रण संपादनात तोडून जोडणं अवघड होतं. मग संवादांचा सलग प्रसंग एका दमात घ्यायचा, एकाच वेळी अनेक कॅमेरे लावायचे आणि नंतर चित्र हवं तसं कापायचं, आवाज मात्र अखंड ठेवायचा. हिचकॉकनं इथे ही पद्धत वापरली. नटांना अख्खा प्रवेश न चुकता म्हणावा लागे, त्यामुळे रंगभूमीवर मुरलेले नट घेणं भागच होतं.

अडचण किती होती याचं एक उदाहरण देतो. हिचकॉकचा पहिला बोलपट ‘ब्लॅकमेल’, 1929 चा. त्यातली नायिका अ‍ॅनी ऑन्ड्रा हिचे इंग्रजी उच्चार परदेशी होते. नंतर आवाज भरण्याची सोय नव्हती. म्हणून चित्रण चालू असताना जोन बॅरी ही दुसरी अभिनेत्री चौकटीबाहेर उभी राहून संवाद बोलायची आणि ऑन्ड्रा नुसते ओठ हलवायची. दोन वर्षांनी हाच दिग्दर्शक लिलावाचा प्रसंग करतो. एवढ्या थोड्या काळात केवढी मजल मारली, हे ‘नाटकी आहे’ म्हणताना लक्षात घ्यायला हवं.

क्लोईचं गुपित नेमकं काय होतं? चित्रपटात ते धड सांगतच नाहीत.

*(इथून पुढे कथा उघड केली आहे.)*

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो कळल्याशिवाय चित्रपट कळत नाही.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये नवरा-बायकोंचं पटत नाही एवढ्यावर घटस्फोट मिळत नसे. व्यभिचार सिद्ध करावा लागे. 1923 पर्यंत तर नवऱ्याला बायकोचा नुसता व्यभिचार दाखवून भागत असे, बायकोला मात्र त्याच्या जोडीला क्रौर्य किंवा सोडून जाणं असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागे. 1923 च्या कायद्यानं ही असमानता काढली. क्रौर्य, सोडून जाणं ही स्वतंत्र कारणं म्हणून मान्य झाली ती 1937 च्या कायद्यानं.

मग समजुतीनं वेगळं व्हायचं असलेली जोडपी काय करत? नवरा एका परक्या बाईबरोबर हॉटेलात खोली घेई. दोघांना एकत्र पाहिल्याची साक्ष हॉटेलातले नोकर देत. खोलीत काही घडलं असो वा नसो, कागदावर पुरावा तयार होई. या कामासाठी पैसे घेऊन जाणाऱ्या बायका होत्या. क्लोई लग्नाआधी हेच करत होती. एकटी होती, पैशाची चणचण होती, म्हणून. लिलावात दिसलेला माणूस त्याच दिवसांतला.

थोडक्यात, कायद्यानंच निर्माण केलेल्या एका गरजेवर तिनं पोट भरलं. ज्यांनी तिच्या मदतीनं घटस्फोट मिळवले ते पुरुष समाजात ताठ मानेनं फिरत राहिले, आणि कलंक तिच्या नावावर राहिला. चित्रपटात हे अर्धवट बोललं जातं, कारण तेव्हाची सेन्सॉरशिप आणि तेव्हाचा शिष्टाचार दोन्ही आड येत होते. 1931 च्या प्रेक्षकाला इशारा पुरेसा होता. आपल्याला तो कळत नाही, म्हणून चित्रपट दाखवण्याआधी मी आता एवढी माहिती मुद्दाम सांगतो.

शेवटी सूड कोणाचा पुरा होतो?

डॉकर गुपित खणून काढतो. हिलक्रिस्टबाई ते हॉर्नब्लोअरपुढे ठेवतात: जागा आम्हाला विक, तीही तोट्यात, नाहीतर गावभर होईल. गुप्तता पाळण्याची बायबलवर शपथ घेतली जाते. हॉर्नब्लोअर मोडतो. ज्या माणसानं कधी कुणापुढे मान झुकवली नव्हती तो घरच्या सुनेसाठी सही करतो, आणि त्या वेळी मला त्याच्याबद्दल आदर वाटतो.

पण बाहेर पडलेली गोष्ट शपथेनं परत आत जात नाही. क्लोईच्या नवऱ्याच्या, चार्ल्सच्या, कानावर कुणकुण जातेच. भेदरलेली क्लोई, पोटात मूल असलेली, हिलक्रिस्टच्याच घरी मदत मागायला येते. तेवढ्यात चार्ल्स तिथे पोहोचतो आणि ती पडद्याआड लपते. हिलक्रिस्ट तिला वाचवायला खोटं बोलून पाहतो. आयुष्यात क्वचितच खोटं बोललेला माणूस असल्यामुळे ते त्याला जमत नाही. चार्ल्स पेटलेला आहे. आपला तिच्याशी संबंध संपला, असं तो बोलून जातो. आपल्याला माहीत असतं की चार हातांवर, कापडाच्या पलीकडे, ती प्रत्येक शब्द ऐकते आहे. त्याला ते माहीत नसतं. पुढच्या काळात हिचकॉक ज्या गोष्टीसाठी जगभर ओळखला गेला, प्रेक्षकाला पात्रापेक्षा थोडं जास्त माहीत असण्याची ती घुसमट इथे पूर्ण रूपात आहे.

नंतर तिला बागेतल्या तळ्यातून बाहेर काढतात. हॉर्नब्लोअर जाताना सांगतो की तुमच्या घराण्याचं वाईट करायची संधी आली तर मी सोडणार नाही. म्हणजे सूड पुरा झालाच नाही, तो आता पुढच्या पिढीला वाटून दिला गेला. आणि त्या पिढीत हिलक्रिस्टची मुलगी जिल आणि हॉर्नब्लोअरचा धाकटा मुलगा रॉल्फ आहेत, ज्यांचं एकमेकांवर मन बसू लागलं होतं.

सगळ्या भांडणात हत्यार म्हणून वापरलं गेलं ते पाहा: खरेदीखत, बोली, चौकशी, शपथ, सही. एकही गोष्ट बेकायदा वाटत नाही, गुपित फोडण्याची ती धमकी सोडली तर. आणि जिचा जमिनीशी काडीचाही संबंध नव्हता ती मेली.

नाटकात आणि चित्रपटात फरक आहे का?

संवाद बरेचसे तेच आहेत. क्लोई नाटकात मुरुमाच्या खाणीत उडी घेते, इथे तळ्यात. नाटक संपतं ते हिलक्रिस्टच्या मनातल्या प्रश्नावर, की विस्तवाला टिकत नसेल तर त्या खानदानी संस्कारांचा उपयोग काय? चित्रपटानं त्यापुढे एक दृश्य जोडलं आहे: एक मोठं जुनं झाड कोसळतं. मला हे जोडलेलं दृश्य नाटकाच्या शेवटापेक्षा आवडतं. म्हातारा हिलक्रिस्ट जे शब्दांत विचारतो त्याला उत्तर मिळाल्यासारखं ते झाड पडतं, आणि कारखाना येवो न येवो, गाव आता तसं राहणार नाही हे कळतं.

सुरुवातही मूळची सिनेमाची आहे. अरुंद रस्ता, मेंढ्यांचा कळप, अडकलेली वाहनं आणि भोंगे. दोन काळ एकाच रस्त्यावर समोरासमोर. आवाज नवा असताना त्याचा हा वापर मला फार नेमका वाटतो.

हॉर्नब्लोअरचं काम करणारा नट कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो.

एडमंड ग्वेन. ‘मिरॅकल ऑन 34थ स्ट्रीट’ या 1947 च्या चित्रपटातला सांताक्लॉज तोच. त्यासाठी त्याला ऑस्कर मिळालं. हाच माणूस इथे कुळांना घराबाहेर काढतो, म्हणून ओळखायला वेळ लागतो. त्यानं आणि हेलन हे यांनी याच कथेच्या 1921 च्या मूकपटातही ह्याच भूमिका केल्या होत्या. दहा वर्षं मनात मुरलेली पात्रं आहेत ती, आणि तसं दिसतं. जिलचं काम करणारी जिल एसमंड ही प्रसिद्ध इंग्रज नट लॉरेन्स ऑलिव्हिए याची पहिली पत्नी.

खुद्द हिचकॉकलाच हा चित्रपट आवडत नव्हता, हे खरं का?

खरं. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोनं घेतलेल्या प्रसिद्ध मुलाखतीत हिचकॉकनं तो जेमतेम दोन वाक्यांत बाजूला सारला: आपण स्वतः निवडलेला नव्हता, सांगण्यासारखं फार काही नाही. त्यामुळे पुष्कळ अभ्यासकही तो ओलांडून पुढे जातात. मला हे पटत नाही. नोकरी म्हणून केलेल्या कामातही कसलेल्या कारागिराचा हात लपत नाही. लिलाव आणि पडद्याआडची क्लोई हे दोन प्रसंग ज्यानं केले, त्यानं जीव ओतला नव्हता हे मी मानायला तयार नाही, मग तो स्वतः काहीही म्हणो.

त्याच वेळी आपल्याकडे काय चाललं होतं?

‘आलम आरा’ मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात लागला तो 14 मार्च 1931 ला. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ 1932 चा. म्हणजे आपला पडदा बोलायला शिकत होता त्याच सुमाराचा हा चित्रपट. विषयानं जवळचं म्हणाल तर बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ आठवतो: 1925 चा मूकपट आणि 1936 मध्ये पुन्हा केलेला बोलपट, कथा ना. ह. आपटे यांची. तिथे जमीन जाते ती सावकाराच्या कागदावर, आणि शेतकरी शहराच्या गिरणीत येऊन पडतो. दोन्ही चित्रपट एकाच आठवड्यात बोलायला घ्यावेत, असं मी शिकवणाऱ्यांना नेहमी सुचवतो.

प्रत कोणती पाहावी?

फुकट मिळणाऱ्या बऱ्याच प्रती कळकट आहेत. आवाज खरखरतो आणि चेहरे पिठूळ दिसतात. या चित्रपटात अर्धं काम आवाजाचं आहे, त्यामुळे स्वच्छ केलेली प्रत मिळवता आली तर थोडे पैसे मोडा. उपशीर्षकं लावाच, ग्वेनची बोली कान सरावेपर्यंत कळत नाही. आणि लिलाव सुरू झाला की एकदा मुद्दाम बोलीकडे दुर्लक्ष करून फक्त क्लोईकडे बघत राहा.